दिल्ली, एकट्याने आणि कमी पैशांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दिल्लीत नोकरीनिमित्त अकरा वर्षं राहिले. तेव्हापासून ओळखीतल्या कुणाचा भाचा, कुणाची मुलगी, कुणाचे नुकतेच निवृत्त झालेले काका दिल्लीला निघाले की मला निरोप येतो, "ताई, जरा सांग ना." तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. दरवेळी मी पहिली गोष्ट हीच सांगते की दिल्ली पाहायला पैसा फार लागत नाही. तो जातो स्टेशनबाहेरच्या पहिल्या अर्ध्या तासात आणि चुकीच्या जागी घेतलेल्या खोलीत. या दोन जागा सांभाळल्या की बाकीचं जमतं.

1. एकट्याने जायचंय. किती दिवस काढू आणि किती खर्च धरू?

चार पूर्ण दिवस काढा. तीन दिवसांत सगळं पळत पाहावं लागतं. मागच्या फेब्रुवारीतला माझा रोजचा हिशेब असा होता: हॉस्टेलमधल्या सामायिक खोलीतला पलंग साधारण 700 रुपये, खाणंपिणं 350, मेट्रो-बस-रिक्षा 150, तिकिटं 80. म्हणजे दिवसाला तेराशेच्या आत. स्वतंत्र खोली हवी असेल तर राहण्याचा आकडा दुप्पट धरा.

तिकिटांची भीती बाळगू नका. लाल किल्ला, कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर ही तिन्ही जागतिक वारसा स्थळं भारतीयांना ऑनलाइन 35 रुपयांत आणि खिडकीवर 40 रुपयांत पाहता येतात. पुराना किल्ला, सफदरजंगची कबर, जंतरमंतर आणि तुघलकाबाद यांना ऑनलाइन 20, खिडकीवर 25 पडतात. लोधी गार्डन, अग्रसेन की बावली, मेहरौलीचं पुरातत्त्व उद्यान, राष्ट्रीय युद्धस्मारक आणि गांधी स्मृती इथे काहीच पडत नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर तिकीट नसतं.

2. कोणत्या महिन्यात जावं?

फेब्रुवारी ते मार्चचे पहिले तीन आठवडे. दुसरी पसंती ऑक्टोबरचा पूर्वार्ध. दिवाळीनंतर हवा खराब होते. दम्याचा त्रास असलेल्यांनी नोव्हेंबर आणि डिसेंबर सरळ टाळावेत. मे-जूनमध्ये पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि लाल किल्ल्यातल्या दगडी अंगणात दुपारी उभं राहवत नाही.

जानेवारीच्या थंडीबद्दल आपली माणसं हमखास फसतात. "आमच्याकडे महाबळेश्वरला पण थंडी असते" म्हणत एक स्वेटर घेऊन येतात. दिल्लीत रात्री तापमान चार-पाच अंशांवर उतरतं, आणि स्वस्त खोल्यांमध्ये हीटर नसतो. थर्मल, कानटोपी, जाड मोजे घेऊनच या. धुक्यामुळे गाड्यांचं काय होतं ते प्रश्न 14 मध्ये आहे.

3. कोणती गाडी घेऊ? आणि दिल्लीत इतकी स्टेशनं आहेत, उतरू कुठे?

मुंबईहून राजधानी महाग वाटत असेल तर पश्चिम एक्सप्रेस, गोल्डन टेंपल मेल किंवा पंजाब मेल बघा. पुण्याहून झेलम एक्सप्रेस, मिरज-पुण्याकडच्या लोकांना गोवा एक्सप्रेस. नागपूरकरांना दक्षिणेकडून येणाऱ्या भरपूर गाड्या मिळतात. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, आणि सुट्ट्यांच्या दिवसांतलं स्लीपर पहिल्या काही दिवसांतच भरतं.

नवी दिल्ली स्टेशनवर उतरलात तर मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला, म्हणजे फलाट क्रमांक 16 कडे आहे. पहाडगंज विरुद्ध बाजूला, फलाट 1 कडे. गोवा एक्सप्रेस हजरत निजामुद्दीनला संपते. तिथून सराय काले खां-निजामुद्दीन हे गुलाबी मार्गिकेचं मेट्रो स्टेशन जवळ आहे.

4. स्टेशनबाहेर दलाल गाठतात म्हणे. खरं आहे का?

खरं आहे. पहिल्यांदा एकटी आले तेव्हा मीच अडकले होते. पाठीवर बोजा, हातात कागदावर लिहिलेला पत्ता. पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडले तेवढ्यात स्वच्छ शर्टातला, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक माणूस जवळ आला. "मॅडम, आपका होटल तो बंद हो गया, वहाँ रास्ता भी बंद है." त्याने आपल्या फोनवरून 'हॉटेलला' फोन लावून दिला, आणि पलीकडच्या माणसानेही तेच सांगितलं. मग रिक्षाने मला एका प्रवासी कचेरीत नेलं. तिथे तिप्पट भावाची खोली माझ्या गळ्यात मारली. मी ज्या हॉटेलात जाणार होते ते चालू होतं, हे दुसऱ्या दिवशी चालत गेल्यावर कळलं.

ही पद्धत आजही तशीच चालते. वाक्यं ठरलेली असतात: रस्ता बंद आहे, दंगल झालीय, तुमची गाडी रद्द झालीय, तिकीट खिडकी कॅनॉट प्लेसला हलवलीय, सरकारी पर्यटन कार्यालय इकडे आहे. रेल्वेचा कुठलाही कर्मचारी स्टेशनबाहेर उभा राहून तुमची चौकशी करत नाही. म्हणून तीन गोष्टी पाळा. उतरण्याआधी गाडीतच राहण्याच्या जागी स्वतःच्या फोनवरून फोन करा. स्टेशनबाहेर थांबू नका, चालत राहा. कुणी बोललं तर "नहीं भैया" म्हणून नजर न मिळवता पुढे व्हा. सरळ मेट्रोत शिरलात तर दलाल मागे येत नाही, कारण तिथे तपासणी आहे.

5. राहायचं कुठे? पहाडगंज चांगलं की वाईट?

पहाडगंज स्वस्त आहे, स्टेशनला लागून आहे आणि पुरुष प्रवाशाला एक-दोन रात्रींसाठी ठीक आहे. रामकृष्ण आश्रम मार्ग मेट्रोच्या बाजूची टोकं मुख्य बाजारापेक्षा शांत आहेत. पण खोली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. फोटोत खिडकी दिसते, प्रत्यक्षात ती जिन्यात उघडते.

मेट्रो स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीत असेल तीच जागा निवडा, हा माझा एकमेव नियम. दोनशे रुपये वाचवायला आतल्या वस्तीत घेतलेली खोली रोज सकाळ-संध्याकाळ रिक्षात तेवढेच पैसे खाते, आणि रात्री परतताना जीव टांगणीला लागतो. करोल बाग, लाजपत नगर, ग्रीन पार्क, हौज खास या भागांतली हॉस्टेलं आणि घरगुती खोल्या या नियमात बसतात. एकट्या प्रवाशाला सामायिक खोलीचा आणखी एक फायदा म्हणजे संध्याकाळी बोलायला माणूस मिळतं. सामायिक खोलीत स्वतःचं कुलूप लागतंच.

तिकीट असलेल्यांना नवी दिल्ली स्टेशनच्या विश्रामकक्षात पीएनआर देऊन पलंग घेता येतो. मध्यरात्री येणाऱ्यांसाठी तो सर्वांत सुरक्षित पर्याय आहे, पण आधी आरक्षित करावा लागतो.

6. महाराष्ट्र सदनात खोली मिळेल का? गुरुद्वाऱ्यात?

सदनातल्या खोल्या मुख्यतः लोकप्रतिनिधी आणि सरकारी कामाने येणाऱ्यांसाठी आहेत. ओळखीने मिळेल या भरवशावर निघू नका. जेवायला मात्र जरूर जा (प्रश्न 10). गुरुद्वाऱ्यांच्या सराया आणि धर्मशाळा स्वस्त असतात, पण काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत. आधी फोनवर नेमकं "मी एकटा आहे" असं सांगून विचारा.

7. मेट्रोचं कार्ड घ्यावं की रोज तिकीट काढावं?

दोन दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर कार्ड. दहा टक्के सवलत मिळते, गर्दी नसलेल्या वेळी आणखी दहा टक्के, आणि रांग वाचते. ऑगस्ट 2025 पासून सर्वांत कमी भाडं 11 आणि सर्वांत जास्त 64 रुपये आहे. विमानतळाच्या मार्गिकेचे दर वेगळे. आपल्याकडचं एनसीएमसी कार्ड (देशभरच्या मेट्रो-बसला चालणारं सामायिक कार्ड) असेल तर तेही चालतं. पर्यटकांचं अमर्याद प्रवासाचं कार्डही आहे. दिवसाला तीन-चार फेऱ्या करणाऱ्याला ते परवडत नाही, मी दोनदा हिशेब करून पाहिलाय.

पिवळी आणि जांभळी या दोन मार्गिका लक्षात ठेवल्या की पर्यटकाची दिल्ली हातात येते. पिवळीवर चांदनी चौक, चावडी बाजार, नवी दिल्ली, राजीव चौक, पटेल चौक, हौज खास, कुतुबमिनार. जांभळीवर लाल किला, जामा मस्जिद, दिल्ली गेट, जनपथ, खान मार्केट. दोन्ही काश्मिरी गेट आणि केंद्रीय सचिवालय इथे एकमेकींना भेटतात. शेवटची गाडी साधारण अकराच्या सुमारास सुटते, म्हणून साडेदहाला स्टेशनवर असा.

8. रिक्षावाले मीटर टाकतात का?

क्वचित. मीटरचा दर पहिल्या दीड किलोमीटरला 30 रुपये आणि पुढे किलोमीटरला 11 रुपये आहे. हा आकडा माहीत असला की घासाघीस करता येते. ॲपवर भाडं पाहून तेवढंच सांगा, बहुतेक जण तयार होतात. मोठ्या स्टेशनांवर आगाऊ पैसे भरून रिक्षा देणाऱ्या खिडक्या आहेत. पावती हातात ठेवा आणि उतरल्यावरच द्या. बॅटरी-रिक्षा मेट्रोपासून स्मारकापर्यंत माणशी 10-20 रुपयांत सोडते. बसण्याआधी "सवारी में?" असं विचारा, नाहीतर तो पूर्ण रिक्षाचे पैसे मागतो.

9. चार दिवसांची आखणी सांगाल का? आणि सोमवारी सगळं बंद असतं का?

आधी सोमवार, कारण सर्वांत जास्त लोक इथेच अडतात. सोमवारी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, कमळ मंदिर, अक्षरधाम आणि गांधी स्मृती बंद. कुतुबमिनार, हुमायूनची कबर, पुराना किल्ला, लोधी गार्डन चालू. म्हणून सोमवार दक्षिणेला द्या: सकाळी कुतुब, मग शेजारचं मेहरौली उद्यान, दुपारनंतर सफदरजंग आणि लोधी गार्डन.

एक दिवस पूर्ण शाहजहानाबादसाठी, म्हणजे जुन्या दिल्लीसाठी ठेवा. शाहजहानने 1639 मध्ये वसवायला घेतलेलं हे शहर चालतच पाहायचं. चांदनी चौकाचा मुख्य रस्ता दिवसा मोटारींना बंद असतो, त्यामुळे चालणं सुखाचं झालंय. सकाळी आठला जामा मशिदीच्या पायऱ्या, साडेनऊला लाल किल्ला, मग दरीबा, किनारी बाजार, खारी बावलीचा मसाला बाजार आणि शेवटी बल्लीमारानच्या गल्ली कासिम जानमधली गालिबची हवेली. हवेली दोन खोल्यांचीच आहे. ज्याला गालिबचा एक शेर पाठ आहे त्यालाही तिथे पाय थांबवावासा वाटेल. रविवारी खारी बावली बंद असते, पण त्याच दिवशी आसफ अली रोडवरच्या महिला हाटमध्ये जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो.

तिसरा दिवस हुमायूनची कबर आणि निजामुद्दीन. कबरीच्या आवारातलं नवं संग्रहालय 2024 मध्ये उघडलं. गुरुवार असेल तर संध्याकाळी दर्ग्यात कव्वाली ऐका. गल्लीत फुलं आणि चादर घेण्याचा आग्रह होतो. घेतलीच पाहिजे असं काही नाही. चौथा दिवस नवी दिल्लीचा: राष्ट्रीय संग्रहालय, इंडिया गेट, युद्धस्मारक, गांधी स्मृती. इंग्रजांनी राजधानी कलकत्त्याहून इथे हलवण्याची घोषणा डिसेंबर 1911 मध्ये केली आणि नव्या शहराचं उद्घाटन 1931 मध्ये झालं. जुन्या शहरातून आधी फिरून आल्यावरच या रुंद रस्त्यांचा अर्थ लागतो, म्हणून हा क्रम.

अक्षरधामला एकट्याने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आत मोबाइल नेता येत नाही. सामान सांभाळायला सोबत कुणी नसतं, त्यामुळे ते ठेवणीच्या खिडकीवर द्यावं लागतं.

10. स्वस्तात आणि पोट न बिघडता कुठे जेवायचं?

बंगला साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरपासून, म्हणजे तिथल्या मोफत पंगतीपासून सुरुवात करा. पटेल चौक किंवा शिवाजी स्टेडियम मेट्रोपासून चालत जाता येतं. चपला जोडाघरात द्यायच्या, पाय धुवायचे, डोकं झाकायचं (रुमाल तिथे मिळतो). आत लांब पट्ट्यांवर पंगत बसते. वाढणारा "दाल जी, दाल जी" म्हणत बादली घेऊन येतो. पोळीला तिथे परसादा म्हणतात. ती ताटात टाकत नाहीत, दोन्ही हात पुढे करून ओंजळीत घ्यायची. माझ्या शेजारी एकदा सामान उचलणारा एक हमाल बसला होता आणि पलीकडे कॅनडाहून आलेलं कुटुंब. तिघांच्या ताटात तीच डाळ, तीच खीर. एकट्याने फिरताना जेवणाच्या वेळी जे रितं वाटतं ते इथे वाटत नाही. लागेल तेवढंच घ्या, आणि जमलं तर नंतर अर्धा तास पोळ्या लाटायला किंवा ताटं घासायला बसा. कुणीही बसू शकतं.

पैसे देऊन जेवायचं तर आंध्र भवनातली थाळी भरपेट मिळते. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनातल्या उपाहारगृहात आपली चव मिळते. ओळखपत्र जवळ ठेवा. कॅनॉट प्लेसजवळ मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवर इंडियन कॉफी हाउस आहे, तिथे एका कॉफीवर तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही.

चांदनी चौकात दरीब्याच्या कोपऱ्यावरची जाड जिलबी, पराठेवाली गल्ली, दहीभल्ले हे सर्वांना ठाऊक असतं. हिवाळ्यात आलात तर मात्र दौलत की चाट शोधा. सकाळी किनारी बाजाराच्या तोंडाशी परातीत पिवळसर फेसाचा ढीग दिसतो. दूध घुसळून काढलेला तो फेस, वर केशर, खवा आणि पिठीसाखर. जिभेवर ठेवताच विरतो. ऊन चढलं की बसतो, म्हणून दुपारी जाऊन उपयोग नाही. मांसाहारी असाल तर जामा मशिदीच्या गेट क्रमांक 1 समोरच्या गल्लीत संध्याकाळी जा. एकट्याला पूर्ण प्लेट जड जाते, "हाफ" मागा.

11. मराठ्यांचा दिल्लीशी इतका संबंध होता, त्याचं काही पाहायला मिळतं का?

पाटी लावलेलं फार थोडं, पण जागा आहेत. लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासमध्ये मान वर करा. तिथलं चांदीचं छत 1760 मध्ये सदाशिवराव भाऊंनी काढून वितळवलं, कारण पानिपताकडे निघालेल्या फौजेला द्यायला पैसा उरला नव्हता. आज दिसतं ते रंगवलेलं लाकडी छत नंतरचं. याच किल्ल्यात 1772 च्या जानेवारीत महादजी शिंद्यांनी मोगल बादशहा शाह आलमला परत आणून बसवलं. याच किल्ल्यात 1788 मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने त्या बादशहाचे डोळे काढले, आणि महादजींच्याच फौजेने त्याला हुसकून लावलं. सप्टेंबर 1803 मध्ये यमुनेपलीकडे पटपडगंजला शिंद्यांची फौज इंग्रजांकडून हरली आणि दिल्लीवरचा मराठ्यांचा अंमल संपला. हे मनात ठेवून त्या चौथऱ्यावर पाच मिनिटं उभं राहा, मार्गदर्शकाची गरज लागणार नाही.

तालकटोरा भागात मार्च 1737 मध्ये पहिल्या बाजीरावांनी तळ दिला होता. तिथल्याच स्टेडियममध्ये फेब्रुवारी 2025 मध्ये तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली 98 वं साहित्य संमेलन भरलं. त्याआधीचं दिल्लीतलं संमेलन 1954 चं, अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. पहाडगंजात मुक्काम असेल तर नूतन मराठी शाळेवरून एक चक्कर मारा. मराठी माणसांनी इथे घरं केली त्याची ती खूण आहे.

12. मी मुलगी आहे. एकटीने जाऊ का?

जा. मी अकरा वर्षं एकटीने फिरले. काही गोष्टी मात्र कसोशीने पाळल्या आणि त्या पाळाव्यातच. मेट्रोचा पहिला डबा महिलांचा, तो पकडायचा. रात्री नऊनंतर जुन्या दिल्लीत किंवा पहाडगंजच्या आतल्या गल्ल्यांत फिरायचं नाही. ॲपवरून गाडी घेतली की प्रवासाचा दुवा घरी पाठवायचा. मेहरौली उद्यान आणि तुघलकाबाद ही ओसाड ठिकाणं एकटीने पाहायची नाहीत, शनिवार-रविवारच्या वारसा फेऱ्यांबरोबर जायचं. लोधी गार्डन अंधार पडेपर्यंत निर्धास्त. राहायला फक्त मुलींची सामायिक खोली निवडा (भाग प्रश्न 5 मध्ये). 112 आणि महिलांसाठी 181 हे दोन क्रमांक फोनमध्ये साठवा. आणि एखाद्या जागी मन कचरलं तर कारण शोधत बसू नका, निघा.

13. माझं हिंदी कच्चं आहे. चालेल?

चालेल, एक बदल करा. आपण मुंबईच्या सवयीने "तुम", "तेरेको" बोलतो. दिल्लीत ते उद्धट वाटतं. रिक्षावाला असो की चहावाला, "आप" म्हणा. आणि "भैया" हा शब्द तिथे मानाने मारलेली हाक आहे, आपल्याकडे त्याला चिकटलेला दुसरा अर्थ घरीच ठेवा. आवाजाची पट्टी चढी असली तरी समोरचा भांडत असेलच असं नाही.

14. गाडी धुक्यात अडकली आणि पहाटे दोनला पोचले, तर?

स्टेशन सोडू नका. प्रतीक्षालयात बसा, साडेपाचच्या सुमारास मेट्रो सुरू होते. रात्री दोनला प्रश्न 4 मधली माणसं अधिक चिकट होतात. डिसेंबरअखेर ते जानेवारीमध्यापर्यंत गाडी पाच-सहा तास उशिरा येणं नवलाचं नाही. त्यामुळे पोचण्याच्या दिवशी कुठलंही आगाऊ तिकीट काढू नका, आणि परतीच्या गाडीला जोडून दुसरी गाडी तर मुळीच नको.

15. 26 जानेवारीचं संचलन पाहायचंय. 15 ऑगस्टला लाल किल्ला?

संचलनाची तिकिटं संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. 2025 मध्ये ती 20 आणि 100 रुपयांची होती. पहाटे निघा, पिशवी नेऊ नका. 15 ऑगस्टच्या आधीचे बरेच दिवस लाल किल्ला पर्यटकांना बंद असतो, म्हणून ऑगस्टच्या पूर्वार्धात किल्ल्यासाठी येऊ नका.

16. यूपीएससीच्या मुलाखतीला येतोय. फक्त एक संध्याकाळ मोकळी आहे.

हा प्रश्न दरवर्षी येतो. मुलाखत होते ते धौलपूर हाउस शाहजहान रोडवर आहे, तिथून इंडिया गेट चालत गाठता येतं. मुलाखत संपली की चालत युद्धस्मारकावर जा. गोलाकार भिंतींवर हुतात्म्यांची नावं विटेविटेवर कोरली आहेत. सूर्यास्ताच्या सुमारास रोज एका हुतात्म्याच्या कुटुंबाच्या उपस्थितीत मानवंदना होते. नंतर बंगला साहिब, तलावाच्या काठी बसा, लंगर घ्या. आदल्या रात्री मात्र फिरू नका. ओल्ड राजिंदर नगरमध्ये ओळखीचं कुणी असेल तर मुक्काम तिथेच करा, तिथे मराठी मुलं भरपूर आहेत.

17. एका दिवसात आग्रा होईल?

होतं. निजामुद्दीनहून सकाळची ताज एक्सप्रेस घ्या. गतिमान लवकर पोचते पण महाग आहे. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो. भारतीयांना ताजचं तिकीट 50 रुपये, आतली मुख्य कबर पाहायची तर आणखी 200. पंजाब मेल, झेलम, गोवा एक्सप्रेस या आपल्याकडच्या गाड्या आग्रा कँटला थांबतात. त्यामुळे परतीचं तिकीटच आग्र्याहून काढलं तर दिल्लीला उलटं यावं लागत नाही. शिवराय 1666 मध्ये ज्या शहरातून निसटले ते हे शहर. किल्ल्यासाठी दोन तास तरी ठेवा.

18. खोली दुपारी बाराला सोडायची आणि गाडी रात्री. बोजा कुठे ठेवू?

बहुतेक हॉस्टेलं संध्याकाळपर्यंत फुकट ठेवतात, खोली घेतानाच विचारा. नाहीतर नवी दिल्ली स्टेशनच्या सामानघरात तिकीट दाखवून ठेवता येतो. कुलूप नसलेली पिशवी घेत नाहीत, त्यामुळे चेनला लावायचं छोटं कुलूप घरूनच आणा. पावती फोनच्या कव्हरमध्ये नको, पाकिटात ठेवा, आणि गाडीच्या तासभर आधी रांगेला लागा.